आमच्याकडे सगळ्याच झोपून असतात

१६ फेब्रुवारी १९८६, रविवार. पिस्कॅटवे

नाही, थंड नाहीये मी. तो शब्द आधी मागे घ्या, मग पुढे वाचा. आणि "अमेरिकेत गेली आणि हिला नवरा नकोसा झाला" असं मनात आलं असेल तर तेही मागे घ्या. तुम्हाला काय माहितीय? होतात का तुम्ही तिथे?

तुम्ही कोण, मलाही माहीत नाही. समोर भांडायला कोणी असल्याशिवाय माझ्या हातून एक ओळ उतरत नाही, एवढंच. कॉलेजच्या मासिकात गोष्टी लिहायचे तेव्हाही असंच. सर म्हणायचे, पद्मिनीची पात्रं कमी बोलतात, हीच जास्त बोलते.

तर ऐका. लग्न गेल्या जूनमध्ये झालं, औरंगाबादला. ऑगस्टमध्ये मी इकडे आले. शैलेंद्र इथे टेलिफोनच्या एका लॅबमध्ये इंजिनियर आहे. उंच, कमी बोलणारा, भात करपवणारा. वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं, सरळ भांडले असते.

पण जवळ आलो की दुखतं. "जवळ" म्हणजे काय ते तुम्हाला कळलंय. सुरुवातीला दुखतं असं वहिनी म्हणाली होती, हसून. ती सुरुवात अजून संपली नाही. आत, खूप आत, पोटाच्या तळाशी सुरीचं टोक टेकवावं आणि त्यावर कोणी भार द्यावा तसं. नंतरही ठणकत राहतं. शैलेंद्र विचारायचा, "दुखतं का?" मी म्हणायचे, "नाही." दरवेळी. आता विचारत नाही. संक्रांतीपासून हॉलमधल्या सोफ्यावर झोपतो. पाठ धरलीय म्हणे. त्या सोफ्यावर कुणाची पाठ सुटणार आहे?

आज दुसरा दिवस, म्हणून झोपूनच लिहितेय. त्याने खिचडी केली, ताट घेऊन दारात उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. आत यावं की नाही असं काहीतरी पायांचं केलं, मग ताट दाराजवळच्या खुर्चीवर ठेवलं. "अजून आहे, हवी तर," म्हणाला आणि गेला. औरंगाबादला बाजूला बसलेल्या बाईला आमच्याकडे असंच ताट सरकवायचे. आता ह्यालाही माझा विटाळ होतो वाटतं.

खिचडी करपलेली.

१७ फेब्रुवारी

ऑफिसला सुट्टी. ग्रोसरीला गेलो. इतर वेळी पासष्टने मारणारा हा माणूस आज रेल्वेच्या रुळांपाशी गाडी अशी नेत होता की चालत गेलो असतो तर आधी पोचलो असतो. मागचा ट्रकवाला हॉर्न मारून मारून थकला. म्हटलं, "बैलगाडी आहे का?" म्हणाला, "रूळ आहेत ना." मला दिसत नाहीत का रूळ? येतानाही तेच.

माझ्याबरोबर लवकर घरी पोचायची त्याला घाई नाही, इतकाच अर्थ मी काढला. चिडले आणि घरी येऊन झोपले.

५ मार्च

डॉक्टरकडे जाऊन आले. म्हणजे सरलाकाकू जाऊन आल्या, मी सोबत होते.

सरलाकाकू एडिसनला राहतात. बहात्तर सालापासून न्यू जर्सीत. मराठी मंडळात पान हलत नाही त्यांच्याशिवाय. मला अजून ड्राइव्ह करता येत नाही, म्हणून त्यांना विचारलं. "पोट दुखतं" एवढंच सांगितलं. त्या नुसत्या आल्या नाहीत, आतसुद्धा आल्या. "एकटीला बावरल्यासारखं होईल तुला."

डॉक्टरने मला विचारलं, काय त्रास? काकू म्हणाल्या, "स्टमक पेन." डॉक्टरने मला विचारलं, कधीपासून? काकू म्हणाल्या, "इंडियन फूड, डॉक्टर, स्पायसी." मी माझ्या चपलांकडे बघत बसले. आईच्या वयाच्या बाईसमोर पोटाच्या खालचं कसं सांगू? तुम्ही सांगितलं असतंत? उगाच शौर्य दाखवू नका.

डॉक्टरने बोटांनी पोट ठोकून बघितलं. नवीन लग्न झालंय कळल्यावर त्याने डोळा मारला. रिलॅक्स करा, रात्री ग्लासभर वाईन घ्या. आणि ॲसिडिटीचं औषध, खडू पाण्यात कालवल्यासारखं.

गाडीत काकू म्हणाल्या, "वाईन कसली डोंबलाची! ताक पी. हिंग लावून." मग सिग्नलला थांबल्यावर हळूच, "उलट्या होतात का गं?"

"कधीकधी." पहिल्या दिवशी कळ आली की होतेच.

काकूंच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तरी त्यांना सिग्नल हिरवा झालेला दिसेना. ॲसिडिटीचा एवढा आनंद?

१० मार्च

काकूंनी मोरावळ्याची बरणी पाठवली. फोनवर म्हणाल्या, "जड उचलू नकोस हं. लाँड्रीची बास्केट शैलेंद्रला नेऊ दे." ॲसिडिटीचा आणि बास्केटचा काय संबंध? जुन्या लोकांचं आयुर्वेदिक काहीतरी असेल.

बास्केट शैलेंद्रच नेतो तशीही. मी सांगितलेलं नाही, आपला नेतो.

१६ मार्च

ज्याची भीती होती ते आज झालं. मी कुशीवर पाय पोटाशी घेऊन पडले होते. शैलेंद्र दारात उभा राहून म्हणाला, "पद्मिनी, तू थोडे दिवस घरी जाऊन येतेस का? आईकडे? तुला बरं वाटेल. तिकीट मी बघतो."

मी म्हटलं, "बरं."

तो म्हणाला, "परत कधी यायचं ते तूच ठरव." आवाज कसा तरीच होता. घसा खराब असेल.

आमच्या घरात हे एकदा झालेलं आहे. सुलेखामावशी. आईची धाकटी बहीण, लग्न करून बीडला गेली आणि वर्षाच्या आत परत आली. ती पाठवून दिलेली की स्वतः आलेली, हे कोणी नीट सांगत नाही. "तिला नांदायचंच नव्हतं" एवढंच सगळे म्हणतात. ती काहीच म्हणत नाही. शाळेत शिकवते, महिन्यातून तीन-चार दिवस रजा टाकते. पुढच्या खोलीतल्या लग्नाच्या गप्पांत तिला कोणी बोलावत नाही. आता तिच्या शेजारी माझीही गादी पडणार.

मला जायचं नाहीये. हे फक्त तुम्हाला सांगतेय, त्याला नाही. करपलेल्या भातासकट मला हा माणूस आवडतो. पण ज्याला मी हात लावू देऊ शकत नाही त्याला धरून ठेवायचा मला काय हक्क?

१२ एप्रिल

बाप रे. नीट क्रमाने लिहिते.

मंडळाचा पाडवा. एका शाळेचं कॅफेटेरिया घेतलं होतं, पडद्याच्या दांडीवर गुढी. मी साडी नेसले होते. आत शिरल्याबरोबर चार बायकांनी मला घेरलं. एकीने खुर्ची दिली. एकीने माझ्या वाटीत दोनदा श्रीखंड वाढलं. तिसरी म्हणाली, "कितवा?" मी म्हटलं, "काय कितवा?" त्या सगळ्या हसल्या. सरलाकाकू लांबून माझ्याकडे अशा बघत होत्या जसं काही हे सगळं त्यांनीच केलंय.

तेव्हा माझ्या डोक्यात मोरावळ्याचा उजेड पडला.

मी "अहो, नाही" म्हणेपर्यंत श्रीरामकाकांनी, म्हणजे काकूंच्या ह्यांनी, शैलेंद्रच्या पाठीवर थाप मारली होती. "काय राव, पार्टी कधी?" शैलेंद्र माझ्याकडे बघायला लागला. तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. राग नव्हता. हातातलं काहीतरी पडून फुटल्यावर माणूस खाली बघतो तसा. सोफ्यावर झोपणारा नवरा, आणि बायकोला दिवस गेले म्हणून अभिनंदन. काय वाटलं असेल त्याला! तरी सगळ्यांसमोर म्हणाला, "थँक्यू काका, पण तसं काही नाही. तिची तब्येत बरी नसते, तिला जरा बसू द्या." आणि मला पाणी आणायला गेला.

आणि नेमकं तेव्हाच सुरू झालं. एक दिवस आधी. बाथरूमपर्यंत कशी पोचले देव जाणे. टाइल्सवर बसले, भिंतीला डोकं लावून. काकूंची मुलगी दीपा आत आली. एकोणीस वर्षांची, इथेच वाढलेली, युनिव्हर्सिटीत बायॉलॉजी शिकते. मला बघून तिचा रंग उडाला.

"ओ माय गॉड. आर यू लूझिंग द बेबी?"

"बेबी नाहीये गं. महिन्याचं आहे. नेहमीचं."

"नेहमीचं? दिस इज नेहमीचं?"

"हो. नॉर्मल."

ती माझ्या शेजारी टाइल्सवर बसली, जरीच्या परकरासकट. "पद्मिनीताई, यू आर ग्रे. लोक पीरियडमध्ये ग्रे होत नाहीत."

मग मी तिला सगळं सांगून टाकलं. सगळं. का, ते मला विचारू नका. बहुतेक ती मध्येमध्ये "अय्या" म्हणाली नाही म्हणून.

२२ एप्रिल

दीपा गाडी घेऊन आली, तिने शोधलेल्या बायकांच्या डॉक्टरकडे न्यायला. तिथे माझ्याबरोबर आत आली नाही. "आय विल बी राइट हिअर," म्हणाली आणि वेटिंग रूममध्ये पुस्तक उघडून बसली.

डॉक्टर रूथ ॲडलर. पन्नाशीची, केस पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट. तिने आधी माझे कपडे काढायला लावले नाहीत. खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसली आणि विचारलं, "सांगा." इंग्रजीत सांगायला सोपं गेलं. त्या शब्दांना माझ्या घरातलं कोणी ओळखत नाही.

तिने जे विचारलं ते आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. सुरुवातीलाच दुखतं की आत खोल? आग होते की कळ येते? दरवेळी, की पाळीच्या जवळपास जास्त? कोरडं वाटतं का? खाज, पांढरं जाणं, लघवीला जळजळ? संडासला त्रास? (त्या दिवसांत होतो. हे त्यात मोजतात हेच मला माहीत नव्हतं.) म्हणाली, कारणं पुष्कळ असतात. कधी इन्फेक्शन, कधी ओव्हरीवर गाठ, कधी नुसता कोरडेपणा. कधी दुखेल ह्या भीतीनेच स्नायू आवळले जातात, आणि ते बाईच्या हातात नसतं. म्हणून विचारावं लागतं.

"पीरियड्स कसे आहेत?"

"नॉर्मल."

"कामं करता येतात त्या दिवसांत?"

"नाही, झोपून असते."

तिचं पेन थांबलं. "झोपून?"

मी तिला समजावून सांगितलं की आमच्याकडे बायका तेव्हा बाजूला बसतात. मागच्या खोलीत. चटई असते, ताट तिथेच येतं, कशाला शिवायचं नाही. मग झोपूनच राहायचं. आजी, आई, मावशी, आमच्याकडे सगळ्याच झोपून असतात.

"त्यांना उठता येत असतं, पण उठायचं नसतं? की उठताच येत नसतं?"

मला माहीत नाही. कोणी विचारलंच नाही. चटई होतीच, झोपायचंच होतं, मग कोण कशासाठी झोपलंय हे कोण बघतो?

तिने विचारलं, घरात कोणाला असा त्रास? मी म्हटलं नाही, सगळ्या धडधाकट. एक मावशी आहे, पण तिचं वेगळं, तिला नवऱ्याजवळ राहायचंच नव्हतं. डॉक्टरने हेसुद्धा लिहून घेतलं. घरगुती भानगडी कशाला लिहून घेतात कोण जाणे.

मग तपासलं. आधी सांगून, हळू. "नेमकं तेच दुखणं आलं की हात वर करा." एका जागी तिचं बोट लागलं आणि माझा हात वर गेला नाही, सगळी मीच टेबलावरून वर गेले.

"हेच?"

"हेच."

"आय ॲम सॉरी. परत नाही लावणार. सापडलं मला."

मी रडायला लागले. दुखलं म्हणून नाही. इतके महिने जे मी एकटीने सोसलं होतं त्याला आज दुसऱ्या कोणाचा हात लागला होता.

तिने कागदावर चित्र काढलं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर महिन्याला गळतं. काही जणींत तसलंच अस्तर बाहेर उगवतं, गर्भाशयाच्या मागे, आतड्यावर, कुठेही. तेही महिन्याला रक्त गाळतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. मग तिथे जखमेसारखं होतं, अवयव एकमेकांना चिकटतात, आणि धक्का लागला की कळ. त्याचं नाव एंडोमेट्रिऑसिस. बेंबीतून बारीक दुर्बीण घालून बघितल्याशिवाय खात्री नाही. आणि मूल होणं कधीकधी अवघड जातं, हेही तिने लपवलं नाही.

दीपाने गाडीत काही विचारलं नाही. डोनट घेऊन दिला.

२६ एप्रिल

ठरवलं होतं की सांगायचं आणि मोकळं करायचं त्याला. एडिसनच्या इंडियन ग्रोसरीचं पार्किंग. मांडीवर कोथिंबिरीची पिशवी. त्याने किल्ली लावली तेवढ्यात म्हटलं, "थांब. मी घरी जाते. परत येत नाही. तू दुसरं लग्न कर."

त्याने किल्ली काढली. "काय झालं?"

मग सांगितलं. दुखतं, पहिल्यापासून दुखतं, दरवेळी खोटं बोलले. डॉक्टर, चित्र, दुर्बीण, मूल, सगळं.

तो स्टिअरिंगकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे ते मी नव्हतो?"

"म्हणजे?"

"तुझी मूठ. चादर धरलेली असायची. दुखतं का विचारलं की नाही म्हणायचीस. मग मला काय वाटणार? वाटलं, हिला माझी किळस येते. घरच्यांनी जबरदस्तीने दिलीय. म्हणून घरी जा म्हटलं. नाही आलीस परत तरी आईला मी सांगणार होतो की चूक माझी."

"जबरदस्ती कोणी केली? आणि कोणाला सोडून?"

त्याने किल्ली ह्या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "तो निळ्या शर्टवाला."

"कोण?"

"तुझ्या गोष्टींतला. तू मासिकं आणलीस ना, वाचली मी. प्रत्येक गोष्टीत तो येतो. जिन्यात उभा असतो."

"अरे, तो खोटा आहे! मी बनवलाय!"

"सगळ्या गोष्टींत?"

"मला दुसरा शर्ट सुचत नव्हता!"

आधी तो हसला की आधी रडला, मला सांगता येणार नाही. मी हसले आणि पोटात कळ आली. "आई गं" म्हटल्याबरोबर त्याचा हात आला आणि मध्येच थांबला. "लावू?" म्हणाला. मी तो हात ओढून पोटावर ठेवला, कोथिंबिरीसकट. एक सरदारजी ट्रॉली ढकलत गेले, आमच्याकडे बघून मान वळवली.

१७ मे

परवा झालं. बेंबीपाशी पट्टी आहे, खांदा दुखतोय, पोटात गॅस भरतात त्याने म्हणे. डॉक्टरचं बरोबर होतं. मागच्या बाजूला निळे-काळे ठिपके, आतडं गर्भाशयाला चिकटलेलं. जमलं तेवढं सोडवलं, जाळलं. सगळं गेलं असं ती म्हणत नाही. परत येऊ शकतं. काही महिने गोळ्या, त्यांनी पाळी थांबेल, अंग सुजेल, कदाचित आवाज जाड होईल.

शैलेंद्र म्हणाला, "होऊ दे. मंडळाच्या नाटकात पुरुष कमी पडतात."

त्याने डॉक्टरकडून ते चित्र मागून घेतलंय, सर्किट असल्यासारखं बघत बसतो. सोफ्यावर आता फक्त वर्तमानपत्रं झोपतात.

२४ मे

सरलाकाकू आल्या होत्या, मऊ भात आणि मेतकूट घेऊन. दीपाने त्यांना सांगितलं असणार. पदर सारखा करत बसल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी मी आत यायला नको होतं."

"असू दे हो काकू."

"मला वाटलं..." मग शैलेंद्र कपडे टाकायला खाली गेलाय ना हे बघून, हळू आवाजात, "मला पण दुखायचं गं. दीपा व्हायच्या आधी, नंतरही. मला वाटलं ते तसंच असतं. सहन करायचं, संपलं की पाणी प्यायचं. ह्यांना अजून माहीत नाही."

मी म्हटलं, "अजून दुखतं?"

"आता कुठलं काय, आता सगळं बंदच." हसल्या. डोळे पुसले. मग एकदम उठून, "मेतकूट संपव, ठेवू नकोस, सादळतं," म्हणाल्या आणि गेल्या.

२८ जून

डॉक्टरने दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. आता हरकत नाही, पण घाई नाही. कसं, किती, वर कोण, खाली कोण, कधी थांबायचं, सगळं पद्मिनी ठरवेल. शैलेंद्रचे कान लाल. तरी त्याने विचारलं, "तिने थांब म्हटलंच नाही तर मला कसं कळेल?" डॉक्टर माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "म्हणेन."

काल म्हटलं. जुनी कळ नव्हती, पण तिची वाट बघूनच सगळं अंग आवळलं गेलं. जीभ उचलायला डोंगर उचलण्याइतका जोर लागला. "थांब." तो जागच्या जागी थांबला, लहानपणी खेळताना कोणी स्टॅच्यू म्हणावं तसा, एक हात हवेत.

"हलू का?"

"हल की!"

मग हसूच आवरेना. उठून डब्यातला आमरस काढला आणि चमच्याने डब्यातूनच खाल्ला.

इतके महिने मी समजत होते की त्याला जवळ येऊ देणं म्हणजे गप्प राहणं.

२९ जून, रविवार, दुपार

विचाराल, मग बरी झालीस का? मूल होईल का? हे परत उगवलं तर? मला माहीत नाही. डॉक्टरलाही नाही. माहीत असल्यासारखं करायचं असेल तर तुम्ही करा, तुम्हाला सवय आहे.

शैलेंद्र आत आहे. ऊन खोलीभर आहे आणि त्याने पडदे ओढलेले नाहीत, मीच नको म्हटलं. आत्ता हाक मारली त्याने. "पद्मिनी, येतेस का? नाही आलीस तरी चालेल, मी वाचतोय." पुस्तक उलटं धरलं असेल, पैज लावते.

आज दुखेल कदाचित. दुखलं तर त्याला सांगेन, तुम्हाला नाही. काय म्हणायचंय ते म्हणत बसा, मी चालले.